ओलेत्याला घाबरणारा पाषाण

"महाराज, तुमच्या पाषाणाला कन्नड येतं का?"

मी हे विचारलं आणि वखारीच्या पटांगणात बसलेल्या बायकांच्या तोंडावरचे पदर एकदम हलले. म्हणजे त्या आतल्या आत हसल्या. माझ्यामागे बसलेल्या गंगव्वानं माझ्या पाठीत चिमटा काढला आणि बाळीनं तोंडात वेणी कोंबली. पैज त्या दोघींनीच लावली होती. गंगव्वाच्या घरी कन्नड बोलतात, तिच्या अव्वाला, म्हणजे आईला, मराठी एक अक्षर वाचता येत नाही. "मग देवानं माझ्या अव्वाला कसं सांगायचं गं?" असं गंगव्वा शाळेतून येताना म्हणाली. "विचार की त्यालाच," मी म्हटलं. त्यावर बाळी म्हणाली, "तूच विचार. भाषणात पहिली आलीस न्हवं? हाय हिंमत?"

हिंमत होती. त्या वर्षी मी दहावीत होते, तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत खरंच पहिली आले होते आणि तेव्हापासून मनात आलेलं पोटात राहतच नव्हतं.

पाषाणबाबा रागावला नाही. हे लोक भर गर्दीत रागावत नाहीत, तेवढी अक्कल त्यांना असते. त्यानं डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला आणि गोड आवाजात म्हणाला, "पोरी, पाषाणाला समद्या भाषा येत्यात. पन त्यो पाप्याच्या भाषेत बोलतो. ज्येचं पाप, त्येची भाषा!"

"व्वा!" वखारीचा मष्णू मुकादम ओरडला. "बोला, पाषाणबाबा की जय!"

सगळ्यांनी जय म्हटलं. मी खाली बसले. गंगव्वा कुजबुजली, "म्हणजे कन्नड बोलणाऱ्यांनी अजून पाप केलं न्हाय तर!"

एकोणीसशे एकोणऐंशी सालचा फेब्रुवारी होता. निपाणीत तेव्हा इतका कोरडा वारा सुटला होता की ओठ हसले तरी फुटायचे. आई ज्या वखारीत तंबाखू निवडायला जायची तिथं बायका पटापट आजारी पडत होत्या. चक्कर यायची, मळमळायचं, एखादी कामावरच आडवी व्हायची. मष्णू मुकादमानं खिडक्यांना पत्रे ठोकले होते, वाऱ्यानं माल सुकतो म्हणून. आत तंबाखूचा खकाणा इतका दाटायचा की बायका तोंडाला पदर बांधूनच बसायच्या. माझी आई, सोनुबाई, एकटी उठून म्हणाली होती, "मुकादम, खिडक्या उघडा. न्हायतर आमी समद्या उद्यापास्नं येनार न्हाय." तिच्यामागं बाकीच्या बायकाही उभ्या राहायला लागल्या होत्या. नेमक्या त्याच आठवड्यात मुकादमानं हा बाबा आणला. म्हणाला, वखारीवर कुणीतरी करणी केलीय, पाषाण तिचं नाव सांगेल.

पाषाण म्हणजे हातभर लांबीची काळीभोर, गुळगुळीत फरशी. तिचा थाट मोठा. शेजारी धुनी कायम पेटलेली. कुणी जवळ जाताना तोंडाला पदर हवाच, का तर "उष्टा श्वास पाषाणाला लागता कामा न्हाय." आणि अंघोळ करून ओलेत्यानं यायचं नाही. "पाषाणाला वल चालत न्हाय. त्येचा देव अग्नीचा हाय."

पहिल्या दिवशी त्यानं गाडीवाल्या भरमूच्या हरवलेल्या बैलाचा ठाव सांगितला. पाषाणावर 'ओढा' अशी पिवळी अक्षरं उमटली आणि बैल खरोखर ओढ्याकाठी बाभळीला बांधलेला सापडला. भरमू तर रडलाच. बैलाला दोर सोडायला मुकादमाचा गडी इतका बरोबर कसा पुढे झाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मीही तोंड वासून बघत होते, खोटं कशाला बोलू!

तर माझ्या प्रश्नानंतर बाबानं कामाला सुरुवात केली. पाषाण एका हातानं उचलला, धुनीच्या जाळावरून दोनदा फिरवला आणि पाटावर ठेवला. मग शालीचा आडोसा केला, उजवा हात आत घातला आणि डोळे पांढरे करून पुटपुटायला लागला. "जाग, जाग, काळ्या, जाग! पोटातलं व्हटावर आन, व्हटावरलं पाठीवर आन!" आतल्या आत त्याचा हात हळूहळू फिरत होता. पाषाणाला जागं करतोय म्हणे. त्या हाताच्या बोटाला काळ्या लोकरीचा जाड गंडा बांधलेला होता.

शाल बाजूला झाली. पाषाण कोरा. बाबानं करवंटीतला मूठभर भंडारा त्याच्यावर उधळला, पाषाण तिरका केला, मोरपिसाच्या दांड्यानं टकटक केलं. हळद भुरूभुरू खाली सांडली. सांडली, सांडली, आणि काळ्यावर काही पिवळं तसंच चिकटून राहिलं.

सोनुबाई.

माझ्या आईचं नाव. माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर असतं तेवढं ठळक.

शेजारी बसलेल्या रुक्माबाईनं आपलं लुगडं आईच्या लुगड्यापासून ओढून घेतलं. तेवढंच. पण ते ओढणं मला अजून दिसतं. दहा वर्षं एका सुपात भाकरी ठेवून खाल्लेल्या बायका त्या.

"आता बोल, सोने!" मुकादम म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, पेढा होता. "खिडक्या उघडायच्या हुत्या न्हवं तुला?"

बाबानं निकाल दिला. शुक्रवारी संध्याकाळी आईनं सगळ्यांसमोर तांब्याभर 'उतारा' प्यायचा. उतारा म्हणजे तंबाखू रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी. पोटातली करणी उलटीतून बाहेर पडेल. नाही प्यायली तर निपाणीतल्या कुठल्याही वखारीचं दार तिला बंद.

घरी आलो. आमच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. माझे वडील धर्मराज शिंपीकाम करतात आणि त्यांनी आजोबांबरोबर लहानपणीच देव सोडलेत. मला वाटलं, आप्पा आता पेटून उठतील. आप्पा मशीनवर बसून राहिले, पाय न हलवता.

"आप्पा, तुम्ही मानता हे?"

"मानत न्हाय गं." त्यांनी कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "देव सोडलं आपन. पन भ्या कुटं सुटलंय? नाव उमटलं की डोळ्यांसमोर."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "घोटभर पानी प्यायचं आनि मोकळं व्हायचं. वकून टाकीन. काम तर ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या येळ्ळूरकर सरांना तासाच्या आधीच गाठलं. सर बारीक, चष्मेवाले, कधी आवाज न चढवणारे. उताऱ्याचं ऐकलं आणि त्यांच्या हातातला खडू मोडला.

"तांब्याभर? तानी, तंबाखूत निकोटिन असतं. ते विष आहे. वखारीत बायकांना चक्कर येते ती त्याच खकाण्यानं, बंद खिडक्यांनी. तांब्याभर प्यायली तर उलटी होईपर्यंत बाई राहील का, हाच प्रश्न आहे. तिला पिऊ देऊ नकोस."

"पण सर, नाव उमटलं. मी बघितलं."

"उमटलं असेल. कसं उमटलं ते शोधायचं." आणि ते तासाला गेले.

आता गंमत अशी की त्या आठवड्यात आमचा धडा होता विद्युत प्रभाराचा. सरांनी एबोनाइटचा काळा दांडा लोकरीवर खसाखस घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे टुणकन उडून चिकटले. सर सांगत होते: प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण प्रभार सारखेच असतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाहीत. घासल्यावर लोकरीतले ऋण कण दांड्यावर जातात, दांडा ऋणप्रभारित होतो. तांब्यापितळेवरून प्रभार वाहून जातो. एबोनाइट, काच, प्लास्टिक यांच्यावर तो वाहत नाही. जिथं घासलं तिथंच बसून राहतो.

जिथं घासलं तिथंच!

मी बाकावरून उठले. सर म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, "सर, दांड्याच्या जागी फरशी असली आणि बोटाला लोकर बांधून तिच्यावर अक्षर काढलं तर?"

सर चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "अक्षरापुरताच प्रभार बसेल. डोळ्यांना दिसणार नाही."

"आणि वरून हळद टाकली तर?"

सर म्हणाले, "उत्तर मी देणार नाही. करून बघ."

त्यांनी दांडा दप्तरात टाकला आणि मला इतका राग आला, इतका आनंद झाला, दोन्ही एकाच वेळी, की मला पुढचा तास आठवत नाही. मला तो बाबा हवा होता. नुसता खोटा पडलेला नव्हे. सगळ्यांसमोर, थरथरताना.

आम्ही तिघींनी बाळीच्या घरामागच्या गोठ्यात कारखाना उघडला. आधी पाटीवर केलं, हळद सगळी घसरली. बाळीच्या काकाची रेडिओवाल्याकडून आणलेली ग्रामोफोनची फुटकी तबकडी घेतली, तर हळद तिच्या बारीक रेघांत अडकून सगळीकडेच पिवळं. मग मला आठवलं, पाषाण त्यानं एका हातानं उचलला होता! हातभर लांबीचा दगड एका हातानं, तोही फुलासारखा! तो दगड नव्हताच. बाजारात दुकानांच्या पाट्या करणारा भावकू पेंटर आहे, त्याच्याकडं नावाच्या पाट्यांसाठी काळं चकचकीत प्लास्टिक असतं. त्यानं उरलेला तुकडा दिला आणि विचारलं, "कुनाचं नाव घालनार?"

"अजून ठरलं न्हाय," मी म्हटलं.

घोंगडीचा तुकडा बोटाला गुंडाळला, जोर लावून 'ता' काढला, हळद टाकली, तिरकं केलं, टिचकी मारली. 'ता' राहिला! थोडा केसाळ, कडेनं दाढी आल्यासारखा, पण 'ता' होता. बाळी गोठ्यात नाचली, म्हैस दचकली. गंगव्वानं तुकडा हिसकावून घेतला आणि आपलं नाव कन्नडात काढलं. तेही आलं.

"बघ! तुझ्या अव्वाचा देव!" मी म्हटलं आणि गंगव्वा तुकड्यावर वाकून इतकी खदखदून हसली की पुढचं अक्षर आलंच नाही. पुन्हा काढलं, पुन्हा हळद टाकली, आलं. मग मी मुद्दाम तोंड जवळ नेऊन 'हाऽऽ' केलं. काळ्यावर वाफेचं धुकं आलं, गेलं. हळद टाकली, सगळी घसरली.

श्वासातली वाफ! ओलाव्याची पातळ साय धरली की प्रभाराला वाट मिळते, तो पळून जातो. म्हणून तोंडाला पदर. म्हणून 'वल चालत न्हाय.' आणि जाळावरून फिरवला की आधीचं सगळं पुसलं जातं, हेही आम्ही चिमणीच्या ज्योतीवर करून बघितलं. म्हणून धुनी. त्या बाबाच्या पूजेत एकही गोष्ट देवासाठी नव्हती. सगळी त्या काळ्या फरशीच्या सोयीसाठी होती.

आणि आमच्यातल्या एकीलाही आधी सुचू नये? यल्लम्माला ओलेत्यानं जातात, नागोबाला ओलेत्यानं जातात, नवस फेडायला भर थंडीत डोक्यावर पाणी ओतून ओल्या लुगड्यानं दंडवत घालतात. आमच्याकडचे सगळे देव माणसाला भिजवतात. हा एकच कोरडा देव, आणि कुणाला शंका नाही!

आईला मी स्वयंपाकघरातच बसवलं. आप्पा उंबऱ्यात उभे. मी घोंगडीचा तुकडा बोटाला बांधून त्यांच्या डोळ्यांदेखत काढलं, तिच्याच डब्यातली हळद टाकली. 'सोनुबाई.'

आईचं तोंड उतरलं. "पूस ते."

"तूच पूस. हाऽऽ कर."

ती वाकली, श्वास सोडला. मी हळद टाकली, टिचकी मारली. कोरं.

आईनं तुकडा उचलून उलटा केला, पालटा केला, नखानं खरवडला. मग अशा आवाजात बोलली की आप्पा उंबऱ्यातून आत आले.

"रुक्मीनं लुगडं वढून घेतलं, तान्ये. ह्या पलाष्टिकापाई?"

"व्हय."

"मला शिकीव. समदं शिकीव." आणि थोड्या वेळानं, "त्या मष्ण्याचं नाव लई ठळक काढ."

शुक्रवारी पटांगण खचाखच भरलं. बाबा पाटावर, मुकादम शेजारी, मधे झाकलेला तांब्या. येळ्ळूरकर सर शाळा सुटताच थेट आले होते, गर्दीच्या कडेला उभे राहिले. मी त्यांना सांगितलं होतं, सर, तुम्ही फक्त शेवटी बोला. आप्पा तांब्याच्या अगदी जवळ बसले. आईनं तो ओठाला लावायचाच नाही आणि कुणी जबरदस्ती केली तर आप्पांनी लाथेनं उडवायचा, असं ठरलं होतं.

बाबानं गर्दी बघून तोंड उघडलं. "आज पाषाण पुन्यांदा साक्ष देईल! एकदा बोलला त्यो देव, दोनदा बोलला त्यो म्हादेव!" जाळावरून फिरवला, शाल घेतली, हात आत घातला, डोळे पांढरे केले. मी दात आवळून बघत होते. काढ, काढ, माझ्या आईचं नाव नीट काढ. शाल बाजूला झाली.

तेवढ्यात हौदाकडून आई आली. डोक्यावर घागर ओतून घेतलेली, लुगड्यातून पाणी गळतंय, केस मोकळे.

"लांब! लांब हो!" बाबा पाटावरून अर्धा उठला. "वलेत्यानं न्हाय!"

"म्हाराज, पापी हाय न्हवं मी?" आई म्हणाली. "मग वलेत्यानंच पाया पडायला नको?"

हे कुणाला नाकारता येणार? म्हाताऱ्या बायका माना हलवायला लागल्या. "पडू द्या की म्हाराज. रीतच हाय ती." बाबाचा हात पाषाणाकडे जाईपर्यंत आई गुडघ्यावर बसली, दोन्ही ओले तळवे पाषाणाच्या कडेला टेकले, तोंडावरचा पदर काढला आणि वाकून एक लांबलचक श्वास सोडला. शिकवला होता तसा. रडल्यासारखा.

काळ्या तुळतुळीत पाषाणावर धुकं आलं आणि विरलं.

बाबाला कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते, एक क्षणही सोडला नाही. तो म्हणाला, "आज पाषाण इटाळला. आज न्हाय."

पण मष्णू मुकादमाला ओलाव्याची ही भानगड ठाऊक नव्हती! त्याला हातची करणीण सुटायची भीती. "असं कसं म्हाराज? सोडा भंडारा! हिचंच नाव येतंय बघा!" आणि त्यानं स्वतःच मूठभर भंडारा उधळून पाषाण तिरका केला. हळद सरसर खाली आली. मधे कोरं. फक्त कडेला, आईचे ओले तळवे टेकले होते तिथं, बोटांचे पिवळे ठसे.

"देवानं हात जोडलं गं बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

मी उठले. बाळी आणि गंगव्वा माझ्यापुढे भिंतीसारख्या बसल्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला, दप्तराच्या आत, माझं बोट घासून घासून गरम झालं होतं. मी माझा काळा तुकडा कडेला धरून बाहेर काढला. कोरा दिसत होता.

"माझ्याकडंबी एक पाषाण हाय!" मी ओरडले. वक्तृत्वाचा आवाज लावला, पार रस्त्यापर्यंत जाणारा. "आज माझ्याच घरात परगटला! करणी कुणाची ते ह्यो सांगेल!" बाबाच्याच करवंटीतला भंडारा घेतला, टाकला, तिरकं केलं, टिचकी मारली.

मष्णू.

केसाळ, दाढीवाला, ठळक मष्णू.

गर्दीतून आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. शंभर बायकांनी एकदम श्वास आत ओढला. मग माना वळल्या, सगळ्या एका दिशेला. रुक्माबाई मुकादमाच्या शेजारी होती, तिनं आपलं लुगडं ओढून घेतलं.

मुकादम पांढरा पडला. त्या दिवशी आईला जे वाटलं ते आता त्याला वाटत होतं, आणि मला ते खूप, खूप आवडलं.

"खोटं हाय!" तो किंचाळला. "पोरीनं आदीच लिवून आनलंय! दप्तरात बसून लिवलंय तिनं! दिसत न्हाय तसं लिवता येतंय, भंडारा टाकला की उमटतंय, मला म्हाईत हाय!"

"कसं काय म्हाईत, मुकादम?" मी विचारलं.

त्यानं बाबाकडे बघितलं.

"बरोबर बोलतायत मुकादम," मी म्हटलं. "आदीच लिवलंय. लोकरीनं घासून. तुमच्या बाबानं शालीआड माझ्या आईचं नाव घासलं, अगदी तसंच. बघा, ह्यो गंडा! आनि भरमूदादा, तुमचा बैल वढ्याकाठी कुनी बांधला, ते ह्यांच्या गड्यालाच इचारा!"

भरमू हळूच उठून बाह्या सावरायला लागला. बाबा करवंटी उचलून निघण्याच्या बेतात होता, बायकांनी वाट दिली नाही. तेव्हा मी तांब्या उचलला. आप्पा म्हणाले, "तान्ये!" मी ऐकलं नाही. तांब्या बाबाच्या नाकासमोर धरला. उग्र वास येत होता.

"घ्या महाराज. पवित्र पाणी. एक घोट."

"न्हाय, न्हाय..."

"का हो? तुम्हीच मंतरलंय."

"पाज तेला!" रुक्माबाई ओरडली. मग सगळ्याच. "पाजा! पाजा!" मागून चौघींनी त्याचे दंड धरले. तो मान फिरवत होता, तोंड घट्ट मिटून. माझा हात पुढे जात होता. खरं सांगते, मला थांबायचं नव्हतं.

"सोडा!" तो शेवटी फुटला. "तंबाखू हाय त्येच्यात! मानूस मरंल!"

या वेळी आई बोलली. ओल्या लुगड्यातली, थंडीनं कापणारी माझी आई त्याच्यासमोर उभी राहिली.

"मानूस मरंल, हे तुला ठावं हुतं. मग मला का पाजत हुतास रं?"

आईनं माझ्या हातातून तांब्या घेतला. मला वाटलं, आता तीच पाजते. तिनं तो त्याच्या धुनीत ओतला. धूर झाला आणि सगळ्यांना खोकला आला.

मग येळ्ळूरकर सर पुढे आले. भाषण केलं नाही. पाषाण कोरडा पुसून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "हे एबोनाइट आहे. मी शाळेत याचा दांडा वापरतो. या, प्रत्येकीनं आपलं नाव काढा." आणि खरंच, त्या बायका रांगेनं आल्या. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी नाव काढलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी फूल काढलं, चांद काढला. प्रत्येक वेळी हळद चिकटली. प्रत्येक वेळी एका श्वासानं गेली. करणी उरली नाही. दुसऱ्या दिवशी भरमूनं पहार घेऊन खिडक्यांचे पत्रे उचकटले, आणि चक्कर येणं आठवड्यात कमी झालं. मुकादमाला मालकानं काढून टाकलं. त्यानं गाव सोडलं तेव्हा पोरं त्याच्यामागे हळद उधळत एस्टी स्टँडपर्यंत गेली. त्या पोरांत मी होते.

तुम्हाला वाटेल, दहावीतली मुलगी आणि इतका राग! हो, इतका. रागाला मी वाईट मानत नाही, त्याला नुसतं ओरडू न देता कामाला लावलं पाहिजे. तुमच्या गावात उद्या कुणी बाबा येईल. त्याचे नियम नीट ऐका. उजेड नको म्हणतो का? ओल नको म्हणतो? जवळ येऊ नका म्हणतो? देवाला या अडचणी नसतात, त्या यंत्राला असतात. ज्या गोष्टीला तो हात लावू देत नाही, तिलाच हात लावा. आणि तो कुणाचं नाव घेईल तेव्हा आपलं लुगडं ओढून घेण्याआधी विचारा: हिचं नाव आलं तर फायदा कुणाचा?

पण बाबा निसटला होता. त्या गोंधळात करवंटी आणि पाषाण टाकून पळाला. तीन आठवड्यांनी बाळीचा मामा बोरगावहून आला आणि सांगू लागला, तिथल्या एका वखारीत नवा महाराज आलाय, दाढी काढलेला, त्याच्याजवळ तसाच काळा पाषाण आहे आणि परवा एका विधवेचं नाव उमटलंय. रविवारी तिला उतारा देणार आहेत.

मी सरांना गाठलं, गंगव्वाला सांगितलं आणि तशीच घरी धावले. आप्पा मशीनवर होते, आई त्यांना बटणं टाकू लागली होती. दम लागला होता तरी मी खाली बसले नाही.

"आई, आप्पा, रविवारी सकाळच्या एस्टीनं मी बोरगावला चाललेय. गंगव्वा आणि बाळी येतायत, सर येतायत. मी विचारत नाही, सांगतेय."

आईनं हातातलं बटण ठेवलं. "एकटी पोरगी..."

"एकटी कुठंय? तुलाच तर न्यायला आलेय. ओल्या लुगड्यानं कसं वाकायचं, ते त्या बाईला तूच शिकवायचं आहेस."